चौथा खांब

सोमवार, २१ एप्रिल

आप्पाजीमामांनी ही डायरी दिली. त्यांना दर वर्षी दोन मिळतात, एक कापडवाल्याकडून, एक बांबूवाल्याकडून. कापडवाल्याच्या डायरीत ते ऑर्डरी लिहितात. बांबूवाल्याची चार महिने कपाटावर पडून होती, झुरळांनी एक कोपरा खाल्लाय.

द्यायचं कारण असं, की परवा त्यांनी मला सुतळी आणायला पाठवलं आणि मी साडेतीन तासांनी परत आलो, सुतळी न आणता. मार्केटच्या पुलाखाली एक माणूस छत्र्या दुरुस्त करत बसला होता. एप्रिलात छत्र्या! म्हटलं, बघू तरी कोण आणतंय. एक म्हातारा आला, त्याची छत्री मुठीपासून तुटलेली, मुठीवर हरणाचं तोंड कोरलेलं. ते हरीण कुठलं, कुणी कोरलं, अशा गोष्टी निघाल्या. मग म्हाताऱ्याबरोबर त्याच्या घरापर्यंत गेलो.

"कुठं होतास?" मामांनी विचारलं.

मला सलग सांगताच येईना.

मामा ओरडले नाहीत. म्हणजे त्यांचा साधा आवाजच ओरडल्यासारखा आहे. मैदानाच्या पार त्या टोकाच्या गड्याला हाक मारायला त्यांना फोन लागत नाही. डायरी माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "रोज लिही. दिवसभर कुठं होतास, तेवढंच. मी वाचणार नाही. निदान तुला तरी कळू दे."

मामी आतून म्हणाली, "बारावीला दोनदा बसून उठलेल्याला डायरी देताय? चार दिवसांत पानं फाडून त्यात शेंगा बांधून आणेल बघा."

तर लिहितो. मी परसू. वय बावीस. गाव निपाणीजवळ. आई गेल्यावर हुबळीला गॅरेजमध्ये होतो, मग कारवारकडं एका बोटीवर, मग इथं बेंगळुरात, मारतहळ्ळीत पार्सलं पोचवायचं काम. एका इमारतीच्या गच्चीवर घारींचं घरटं दिसलं, तिथं बसून राहिलो, ते काम गेलं. दीड वर्षापूर्वी मामा चामराजपेटेत घेऊन आले. ते आईचे थोरले भाऊ. यांचा शामियान्याचा धंदा, मूळचा मामीच्या माहेरचा. मामा चाळीस वर्षांपूर्वी इथं कामाला आले आणि जावई होऊन राहिले. मूलबाळ नाही. खाली गोदाम, वर घर. गोदामातल्या कापडाला जुन्या जुन्या लग्नांच्या सांबाराचा वास आहे.


शनिवार, २६ एप्रिल

कुठं होतो: मल्लेश्वरम. एका शाळेच्या मैदानावर मुंज.

आज मला बढती मिळाली. शामियान्याला कोपऱ्याचे चार लोखंडी खांब असतात, बाकीचे बांबू. खांबासाठी मामा स्वतः खड्डा मारतात. त्यांच्या पहारीवर लाल रंगाची खूण आहे, टोकापासून दीड हातावर. खूण जमिनीत बुडाली नाही तर खांब उभा राहत नाही, मग नवरदेव दारात येऊन थांबला तरी चालेल.

आणि वारा आला की मामा "धरा!" म्हणून ओरडतात. मग हातातलं काम टाकून ज्यानं त्यानं आपापल्या खांबाला मिठी मारायची. छाती लावून, बोटं गुंफून. पहिला मामांचा, दुसरा त्यांच्या जुन्या गड्याचा, नागराजचा, तिसऱ्यावर रोजंदारीला जो असेल तो. चौथ्यावर आजवर मामा कुणालातरी उसना आणायचे. आज म्हणाले, "चौथा परसूचा."

चारच्या सुमाराला वारा आलाच. मिठी मारली. खांब आतून गुणगुणतो, ते पोटात कळतं. पाच मिनिटांत वारा गेला. नागराजनं माझ्या पाठीत धपाटा घातला, "आता तू खरा शामियानावाला, परसू. लग्न या खांबाशीच लाव."

मी मामांना विचारलं, कापडासाठी एवढं कशाला? उडालं तर उडू दे.

"कापड उडालं तर परत शिवता येतं," मामा म्हणाले. "खांब उडाला तर खाली माणसं जेवत असतात."

हे मला आधी सुचलं नव्हतं.


बुधवार, ३० एप्रिल

कुठं होतो: सकाळी गोदामात झालर शिवत. दुपारी माहीत नाही. संध्याकाळी कळलं की लालबागेत होतो.

मामी म्हणते, पुढच्या जन्मी तू कुत्रं होणार, पण पाळलेलं नव्हे.


रविवार, ४ मे

कुठं होतो: चौथ्या खांबाशी.

हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितोय. मामा आत आहेत. डोक्याला मार आहे, बरगड्या गेल्यात, शुद्ध नाही. नागराजचा पाय मोडलाय. जेवायला बसलेल्यांपैकी बारा जणांना लागलं. नवरीच्या काकांच्या पाठीचा कणा. सगळे विचारतात तू कसा वाचलास. चौथ्या खांबाशी होतो. नशीब.


सोमवार, ५ मे

काल खोटं लिहिलं. मामा म्हणाले होते मी वाचणार नाही, आणि आता तर ते डोळेही उघडत नाहीत, तरी खोटं लिहिलं. मग कुणासाठी लिहिलं?

कुठं होतो ते लिहितो.

मारतहळ्ळीच्या पुढं हुणसेकेरे म्हणून तळं आहे. तळं म्हणायचं, एरवी सगळ्या सोसायट्यांचं धुणंभांड्यांचं पाणी. वर कायम फेस असतो, कमरेएवढा. त्याच्या काठच्या मोकळ्या प्लॉटवर लग्नाचं जेवण होतं. तीन वाजून गेले होते. शेवटची पंगत बसलेली. हवा अशी मेलेली की वाढप्यांच्या पाठीवरून घाम निथळत होता. मामांनी आभाळ बघितलं आणि म्हणाले, "आज खांब सोडून लांब जाऊ नका रे."

मी चौथ्याशीच होतो. पण तळ्याच्या बांधावरून फेसाचे पुंजके उडायला लागले. पान हलत नाही आणि फेस उडतोय कसा? म्हटलं, बघून येऊ. साठ-सत्तर पावलांवर तर बांध.

वर चढलो आणि बघितलं. पलीकडच्या काठावर ढगाच्या पोटातून एक सोंड खाली आली होती. मातीवर होती तोवर तांबडी. पाण्यावर आली आणि पांढरी झाली. तळ्यावरचा सगळा फेस गोल गोल फिरत तिच्यातून वर जात होता, दहा मजले, वीस मजले, मागच्या इमारती दिसेनात. गावाकडं वावटळ बघितलीय. पाचोळा, धूळ, आत भूत असतं म्हणून आम्ही पोरं चपला फेकून मारायचो. ही त्यातली नव्हे. पिठाच्या गिरणीत आपल्याला कोंडून बाहेरून कडी लावावी तसा आवाज.

आणि सुंदर होतं. लिहायला लाज वाटते, पण होतं. एवढं सुंदर मी दुसरं काही बघितलेलं नाही. फोन काढला, व्हिडिओ सुरू केला. तोंडातून "वा!" निघालं, चांगलं मोठ्यानं. तेही त्यात आलं असणार.

खालून मामांनी "धरा!" केलं. मग मला बघितलं. ते पहिल्या खांबाला मिठी मारून होते. एक हात सोडला, वर केला, तळहात माझ्याकडं करून जोरजोरात हलवायला लागले. परसू, परसू. पुढचं ऐकू येत नव्हतं. चौथ्या खांबाकडं बोलावत होते, दुसरं काय असणार. चौथा मोकळा होता. धावलो असतो तर पोचलो असतो. पाय जागचे हलले नाहीत असं लिहिलं तर बरं दिसेल. पण पाय हलवायचं मनातच आलं नाही. पुढं काय होतं ते बघायचं होतं.

चौथा आधी उपटला. त्या बाजूनं छत वर गेलं, फुगडी घालताना परकराचा घेर जातो तसं. मग बाकीचे खांब. नागराज अर्ध्यात पडला. मामा नाही पडले. ते खांबाबरोबर वर गेले, विजेच्या तारांएवढे, मिठी मारूनच. वारा एवढा असला की खांब धरायचा नसतो, सोडून पळायचं असतं, हे आता सगळे सांगतात. मामांना चाळीस वर्षांत असा वारा भेटलाच नव्हता. त्यांना एकच माहीत होतं.

दोन मिनिटांत सगळं शांत. वरून फेस पडत होता, हळू हळू, ताटांवर, माणसांवर.

व्हिडिओ एक्केचाळीस सेकंदांचा आहे. मी लावून बघितला नाही.


मंगळवार, ६ मे

कुठं होतो: हॉस्पिटल.

नागराजच्या दोन्ही तळव्यांची साल निघालीय, खांब हातातून घसरत गेला म्हणून. मामांच्या हातांना तशाच पट्ट्या आहेत. नागराज येईल त्याला सांगतोय, "सुंटरगाळी! अस्सल सुंटरगाळी होती, अण्णा!" त्यांच्याकडं या असल्या वाऱ्याला सुंटरगाळी म्हणतात. समोरच्या खाटेवरचा माणूस हसतो. बेंगळुरात कुठली आली सुंटरगाळी? पेपरात एवढंच आलंय: जोराच्या वाऱ्यानं शामियाना कोसळला.

लोकांनी व्हिडिओ काढलेत, पण ते सगळे आतून, नाहीतर नंतरचे. त्यांत धूळ दिसते, उडणाऱ्या खुर्च्या दिसतात. सोंड कुणालाच दिसली नाही. कापडाखाली बसलेल्याला आभाळ कुठलं दिसायला.

नागराज मला म्हणाला, "मला कनात आड आली. तू धरून होतास ना शेवटपर्यंत?"

मी मान हलवली.

"देव मोठा आहे," तो म्हणाला.

दुपारी मामीनं माझे हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. पदर ओला करून दोन्ही तळवे पुसले. काही नव्हतंच पुसायला. मग विचारलं, "कुठल्या खांबाशी होतास रे?"

"चौथ्या."

हात माझ्या मांडीवर परत ठेवले. "स्वल्प खाऊन घे काहीतरी. कालपासून पोटात काही नाही तुझ्या."

कुठं लागलंय का ते बघत होती बिचारी. स्वतःचा नवरा आत असा पडलाय आणि हिला माझी काळजी.


गुरुवार, ८ मे

कुठं होतो: हॉस्पिटल. अकरा ते एक पोलीस स्टेशन.

मामांवर केस झालीय. निष्काळजीपणा. लग्नवाल्यांनी लिहून दिलंय की खांब नीट पुरलेच नव्हते, नुसते टेकवले होते.

मामी साहेबांना म्हणाली, "दीड हाताच्या आत ते कधी पुरत नाहीत, सार. पहारीवर खूण आहे. आणून दाखवू?"

"पहार काय बोलणार अम्मा?"

"खड्डे बघा मग."

"खड्डे कुठायत? प्लॉटवाल्यानं सोमवारीच जेसीबी फिरवून सपाट केलं सगळं."

"सुंटरगाळी होती, सार," मी म्हणालो. "खांब चार हात पुरले असते तरी उपटले असते."

"तू बघितलीस?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मामीसुद्धा. तिचे डोळे अशा वेळी फार मोठे होतात.

"मी खांब धरून होतो," मी म्हणालो. "वर कसं बघणार."

बाहेर आल्यावर रिक्षात मामी रस्त्याकडं तोंड करून बसली. खिशात फोन होता. एक्केचाळीस सेकंदं. ती साहेबांपुढं ठेवली असती तर केस तिथंच संपली असती, हे मला कळतं. तेवढा मी हुशार आहे. पण त्यात चौथा खांब मोकळा दिसणार. मी कुठं उभा राहून काढलं ते दिसणार. आणि ते "वा!"

दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर डोळा लागला. जाग आली तर माझा फोन मामीकडं. कानाला लावलेला, डोळे मिटलेले. मी दचकून उठलो.

"नागराजच्या बायकोला लावत होते," ती म्हणाली. "माझ्यातलं चार्जिंग गेलं. उचलत नाही ती."

फोन परत दिला. द्यायच्या आधी पदरानं पुसला. घाम फार येतो तिला.


शनिवार, १० मे

कुठं होतो: गोदामात.

एक मुलगी आली होती, मनस्विनी नावाची. पुण्याची, इथं हवामानावर काही संशोधन करते. पाठीला सॅक, बुटांना हुणसेकेरेचा चिखल. पायरीवर बसून माझ्याकडनं पाणी मागून प्यायली.

"मी चार दिवस तिथे हिंडतेय," ती म्हणाली. "झाडं बघितलीस तू? एका रांगेतली सगळी पिळवटलीयत, आणि पंधरा फुटांवरचा पपईचा बाग जसाच्या तसा. पत्रे एका सरळ रेषेत पडत गेलेत. मला शंभर टक्के खात्री आहे, टोर्नेडो होता. पण माझे सर म्हणतात, इथे होत नाहीत, साधी वावटळ असेल, व्हिज्युअल प्रूफ आण."

"म्हणजे?"

"फोटो, व्हिडिओ. कुणीतरी बाहेरून काढलेला. पाचशे लोकांच्या लग्नात एकानेही काढू नये? अरे, लोक डोशाचे व्हिडिओ काढतात!" मग आवाज हळू केला. "तुझ्या मामांच्या केसचं कळलं. व्हिडिओ मिळाला ना, तर खांब किती खोल होते याला काही अर्थच उरत नाही. मी स्वतः लिहून देईन. तुझ्याकडे नाहीये ना काही?"

"फोन पडला होता माझा. गर्दीत."

"ओके." नंबर लिहून दिला, माझा घेतला. "कुणाकडे असेल असं वाटलं तर प्लीज."

ती गेल्यावर मी मामांची पहार शोधून काढली. लाल खूण घासून पुसट झालीय, पण आहे. अंगठ्यानं घासली तर रंग थोडा हाताला लागला. मग आठवलं की कारवारला बोटीच्या बुडाला असाच लाल रंग द्यायचे, शिंपले चिकटू नयेत म्हणून. त्या रंगात तांब्याचं काहीतरी असतं. तो विचार करत किती वेळ बसलो कोण जाणे. डोकं असं आहे माझं. मामा मरतायत आणि मी बोटीच्या बुडाचा विचार करतो.

उद्या देतो तिला. उद्या नक्की.


रविवार, ११ मे

दिला नाही.


मंगळवार, १३ मे

मामा सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गेले. मी आत होतो. आज तरी मी जिथं असायला पाहिजे तिथं होतो. त्याचा उपयोग काही नव्हता.

केस असल्यामुळं पोस्टमॉर्टेम. शव चार वाजता मिळालं. मामी म्हणाली, "अग्नी तू द्यायचास." मी म्हणालो, मी नको, तुझ्याकडचं कुणीतरी. "तूच," ती म्हणाली. "त्यांना तूच होतास."

मडकं खांद्यावर घेऊन फिरलो. त्यांच्या हातांच्या पट्ट्या काढल्या नव्हत्या कुणी.


गुरुवार, १५ मे

मनस्विनीचा फोन आला. म्हणाली, तळ्याच्या पलीकडच्या इमारतीत एक बाई भेटली. तिनं बाराव्या मजल्यावरून धूळ बघितली, आणि बांधावर कुणीतरी मुलगा हात वर करून उभा होता असं तिला वाटतं. व्हिडिओ काढत असल्यासारखा. पिवळा शर्ट.

शामियान्याच्या सगळ्या माणसांना मामांनी पिवळे शर्ट शिवून दिलेत.

"तुमच्यापैकी कोण असेल?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," म्हणालो आणि फोन ठेवला. मग गोदामात गेलो, कनातींच्या गठ्ठ्यामागं बसलो आणि पुसून टाकला. न बघता. आवाज बंद करून. काढलेलं तीस दिवस फोनमध्येच एका कोपऱ्यात राहतं म्हणे. तिथं जाऊन तिथूनही काढलं.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. सुतळी न आणता परत येताना वाटायचं तसं वाटतंय.

आता मामा नाहीत, तर केस पण राहणार नाही. मेलेल्या माणसावर कसली केस. त्यांना काय फरक पडतो? हे मी दिवसभर स्वतःला सांगतोय.


मंगळवार, २० मे

कुठं होतो: कुठंच नाही. गच्चीवर.

स्टेशनवरून कागद आला. आरोपी मयत, म्हणून प्रकरण बंद. खाली कारण लिहिलंय: खांब पुरेसे खोल पुरलेले नव्हते. कन्नडमधून मी मोठ्यानं वाचून दाखवलं, मामीला चष्मा सापडत नव्हता म्हणून. तिनं कागद घेतला, मामांच्या ऑर्डरींच्या डायरीत ठेवला. त्या डायरीत जूनपर्यंतची लग्नं मामांच्या अक्षरात लिहिलेली आहेत. सगळ्यांनी फोन करून रद्द केलीत. एक जण म्हणाला, माफ करा, पेपरात वाचलं, घरची मंडळी घाबरतात.

मामी मला विचारत होती, "तुला कुठं जायचं नाही ना आज? स्टेशनला, कुठं?" मी म्हणालो, कशाला? "काही नाही," म्हणाली. "सहज."


रविवार, २५ मे

मामांचं तेरावं झालं.

गल्लीत शामियाना प्रतापरावांनी घातला. ते मामांचे चाळीस वर्षांचे वैरी, एकमेकांची लग्नं पळवायचे. पहाटेच येऊन स्वतः पहार मारली. गल्लीत डांबर, तरी दीड हात. मामांची पहार मागून घेतली आणि लाल खूण बुडेपर्यंत मारली. घाम पुसून म्हणाले, "आप्पाजी वरून बघतोय. अर्ध्या बोटानं कमी पडली तर शिव्या देईल मला." मग रडले.

शहरातले सगळे शामियानावाले आले होते. पंगत बसली आणि दीडच्या सुमाराला वारा आला. साधाच, धूळ उडवणारा. तरी सगळे उठले. उष्ट्या हातांनी, पानं तशीच टाकून, प्रत्येकानं जवळचा खांब धरला. हाक मारायला कुणी नव्हतं. मीही धरला, माझ्या जवळचा. तो कितवा होता ते कुणास ठाऊक. वारा मिनिटभरात गेला. मंडळी ओशाळून हसली, परत पानावर बसली. खांबांना भात आणि तूप लागलेलं.

माझे हात सुटेनात. बोटं गुंफलेली होती ती गुंफलेलीच.

मामी आली. "सोड आता. वारा गेला."

सोडला. तिनं मला दाराच्या पायरीवर बसवलं, शेजारी बसली. वाढपी आतबाहेर करत होते. तिनं हात पुढं केला. "फोन दे तुझा."

दिला.

"मला लावता येत नाही आता, ते कुठं गेलं सापडत नाही. लाव."

"काय लावू?"

"अय्यो परसू." दमून म्हणाली, रागानं नव्हे. "त्या दिवशी बाकावर तू झोपला होतास, तेव्हा ऐकलं होतं मी. बघितलं नाही. ते बघायची छाती नाही माझी. नुसतं कानाला लावलं, तीन वेळा. त्यांचा आवाज आहे ना त्यात. शेवटचा. दुसरा कुठं नाही माझ्याकडं. चाळीस वर्षं गल्लीभर ओरडत राहिले, कधी वाटलं नाही की कुठं धरून ठेवावा."



"'परसू, तिथंच थांब. इकडं येऊ नको.' दोनदा म्हणतात. तुला तर पाठ असेल." मग गुडघ्यावर हात फिरवत म्हणाली, "पोलिसांकडं मी नेला असता. साहेबांपुढं तू खोटं बोललास, त्या दिवशीच नेला असता. पण तुला जगवायला म्हणून ओरडत होते ते. म्हटलं, तूच नेशील. चार दिवस जाऊ देत, नेशील. मेल्यावर म्हटलं, आता नेशील. कागद आला त्या दिवशीपण वाटलं."

आतून कुणीतरी विचारलं, पायसम संपलं का. मामी तिकडं न बघता म्हणाली, "मोठ्या पातेल्यात आहे." आणि मला, "लाव ना. एकदाच. मग हवं तर बंद कर."

"मामी, नाही ते."

"नाही म्हणजे?"

"काढून टाकलं."

तिनं फोन उलटा करून बघितला, मागच्या बाजूला काही राहिलं असेल तसा.

"आवाज पण?"

"आवाज पण."

 तिनं फोन माझ्या हातात ठेवला, माझी बोटं त्यावर मिटवली. "सरी, बरं," म्हणाली. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. "जेवून घे. भात आहे अजून."

संध्याकाळी प्रतापरावांची माणसं शामियाना सोडवून घेऊन गेली. डांबरात चार खड्डे राहिलेत, दीड दीड हात. मी एकेकात हात घालून बघितला.

वर आलो तर घरात दिवा नव्हता. मामी आत एकटी होती. "परसू, तिथंच थांब," म्हणत होती. मला वाटलं मलाच म्हणतेय, म्हणून थांबलो. परत म्हणाली, आवाज जाड करून. मग अजून जाड करून. मामांसारखं म्हणून बघत होती. जमत नव्हतं. तिचा आवाज बारीक आहे, मध्येच फाटायचा. परत पहिल्यापासून.

कुठं होतो: दाराबाहेर.